तासगावचा बेदाणा आणि केंब्रिजचा थेंब

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावच्या बेदाणा शेडवर गेलात, तर दुधासारख्या पांढऱ्या पाण्यात द्राक्षं बुडवताना दिसतील. १०० लिटर पाण्याला साधारण २.५ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि १.५ लिटर डिपिंग ऑइल. तेल पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब होतात. म्हणून पाणी दुधाळ. सालीवरच्या मेणाच्या थरातून मग आतलं पाणी लवकर निघतं आणि सावलीत साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो.

युक्ती जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला राखेच्या उकळत्या पाण्यात थोडं तेल घालून द्राक्षं बुडवायला सांगतो. लाकडाच्या राखेतही पोटॅशियम कार्बोनेटच असतं. पण वाहत्या द्रवात थेंब नेमका कधी फुटतो?

याचा पाया घालणारा प्रयोग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तिकडे केंब्रिजमध्ये जी. आय. टेलर यांनी साखरेचा दाट पाक घेतला, आपल्या काकवीसारखा. त्यात चार रूळ फिरवले आणि मधोमध तेलाचा थेंब सोडला. चरकात ऊस चिरडतो, तसं इथे होत नाही. थेंब जागेवरच राहतो आणि पाक त्याला दोन बाजूंना ओढतो.

ही एक रस्सीखेच आहे. प्रवाह थेंबाला ताणतो, पृष्ठताण त्याला गोल ठेवू बघतो. वेग वाढवला की थेंब लांबट होतो, आणि एका मर्यादेपुढे त्याचा दोरा होऊन तुटतो. दुसऱ्या यंत्रात टेलरनी समोरासमोरचे दोन पट्टे उलट दिशांना सरकवले. तिथे पाकाच्या वीसपट दाट थेंब फुटलाच नाही, नुसता गिरक्या घेत राहिला. म्हणजे जोर किती, एवढंच पुरत नाही; प्रवाह थेंबाला ताणतो की फिरवतो, हेही महत्त्वाचं.

टाकीतला प्रवाह इतका शिस्तीत नसतो, पण रस्सीखेच तीच. तेलातला साबणासारखा घटक पृष्ठताण कमी करतो, ढवळणं थेंब तोडतं. ढवळणं कमी पडलं तर तेल वर तरंगतं. काही घडांना जास्त लागतं, काहींना कमी, आणि माल एकसारखा सुकत नाही. वाळवणीचा प्रत्येक जादा दिवस म्हणजे अवकाळी पावसाला आणखी एक संधी. वर्षभराचा पैसा जाळीवर पसरलेला असताना ती कुणालाच परवडत नाही.