चढाईपटूचा बचावपटू कसा होतो? कबड्डीतला जागाबदल समजून घ्या

1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं आणि प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या दहाव्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार. अस्लमची ओळख चढाईपटू म्हणून, पण पकडीतही त्याने संघाला गुण मिळवून दिले. एका कामासाठी घेतलेला खेळाडू दुसरं कामही करायला लागतो, तेव्हा नेमकं काय बदलतं?

आधी मैदान पाहू. बचाव करताना सात जण एका ओळीत उभे राहतात. दोन्ही टोकांना डावा आणि उजवा कोपरा. त्यांच्या आत ‘इन’, मग कव्हर आणि मधोमध सेंटर. कोपरारक्षकाचं काम घोटा किंवा मांडी पकडण्याचं. कव्हरचं काम धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर ढकलण्याचं किंवा परतीची वाट अडवण्याचं. चढाईपटू बहुतेक वेळा ‘इन’ला उभे असतात आणि साखळीत आधाराला धावतात. कबड्डीत चढाईचा आणि बचावाचा संघ वेगळा नसतो. तेच सात जण दोन्ही करतात. त्यामुळे चढाईपटू पहिल्या दिवसापासून बचाव शिकतच असतो, फक्त पकड सुरू करायची जबाबदारी त्याच्यावर नसते.

जागाबदलात हीच जबाबदारी अंगावर येते आणि खरी अडचण पायांपेक्षा सवयीची असते. चढाईपटूला आधी हालचाल करायची सवय असते, कोपरारक्षकाला थांबायची. बोनस घेताना समोरच्याचा मागचा पाय हवेत असतो, तो क्षण घोटा धरायचा. थोडी घाई झाली की गुण समोरच्याला आणि स्वतः बाकावर. साखळीत एकजण कमी झाला की बाकीच्यांनाही जागा बदलावी लागते, ते वेगळंच. चढाईपटूकडे एक फायदा मात्र असतो. हुलकावणी कुठे खोटी आणि कुठे खरी, हे त्याला आतून माहीत असतं.

मनजित छिल्लर याचं चांगलं उदाहरण. मुळात कुस्तीतून आलेला हा खेळाडू बंगळुरू बुल्सकडून चढाया आणि पकडी दोन्ही करायचा. पुढे पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. नंतरच्या हंगामांत त्याच्या चढाया कमी होत गेल्या आणि प्रो कबड्डीतल्या सर्वाधिक पकडगुण मिळवणाऱ्यांत त्याचं नाव आलं. उलटा प्रवासही होतो. इराणचा मोहम्मदरेझा शादलू हा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. पलटणने त्याला 2.35 कोटींना घेतलं आणि दहाव्या हंगामात 99 पकडगुणांसह तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढच्या हंगामात हरियाणाकडे गेल्यावर तो चढायांनाही जाऊ लागला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा जागाबदल अधिक उघडपणे होतो. तिथे सेफ्टी म्हणजे सर्वांत मागचा राखणदार आणि लाइनबॅकर म्हणजे मधल्या फळीतला धडक देणारा. ब्रायन उरलॅकर कॉलेजात सेफ्टी होता. 2000 मध्ये शिकागो बेअर्सने त्याला निवडून लाइनबॅकर केलं. 2018 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. 2014 मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने डिओन बुकॅननला घेतलं, तोही कॉलेजातला सेफ्टी. वजन साधारण 95 किलो, म्हणजे लाइनबॅकरसाठी हलकंच. पण पासचा खेळ वाढल्याने मधल्या फळीत जाड माणसापेक्षा पळणारा माणूस हवा होता. किंमत मात्र शरीर मोजतं. कॅरोलायना पँथर्सचा थॉमस डेव्हिस असाच सेफ्टीचा लाइनबॅकर झाला आणि त्याच्या एकाच गुडघ्याचा लिगामेंट तीनदा फाटला. तरी तो परत येऊन खेळला.

अमेरिकेत जागा बदलताना वजन हवं तेवढं वाढवता येतं. कबड्डीत ती सोय नाही, कारण वरिष्ठ पुरुष गटात 85 किलोची मर्यादा असते. त्यामुळे चढाईपटूचा बचावपटू करताना प्रशिक्षकाला वजनापेक्षा पकडीची ताकद, कंबर आणि पायांचा तोल यांवर काम करावं लागतं.

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या गावातून खेळणाऱ्या मुलासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. गावच्या संघात सगळ्यांना चढाईपटू व्हायचं असतं, कारण टाळ्या तिथेच पडतात. जिल्ह्याच्या निवड चाचणीत मात्र त्याच जागेसाठी सर्वांत मोठी रांग असते, आणि भरवशाचा कोपरारक्षक शोधूनही सापडत नाही. त्यात मातीवर शिकलेली पकड मॅटवर तशीच चालत नाही. मॅटवर बूट पकड घेतात, वेग वाढतो आणि घोटा हातात यायला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणून जागा बदलायची तर ती मॅटच्या सरावासोबतच बदललेली बरी, चाचणीच्या आठवडाभर आधी नव्हे.

प्रो कबड्डीच्या लिलावात नावं चढाईपटू, बचावपटू आणि अष्टपैलू अशी वेगवेगळी येतात. दहाव्या हंगामात सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत 9 लाख होती, ‘अ’ गटाची 30 लाख. शादलूचं नाव त्या वेळी अष्टपैलूंच्या यादीत होतं.