नजर आधी कुठे वळते? मेंदूच्या एका मूक सवयीचा इतिहास

फोडणी देताना मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी आपण शोधत नाही. नजर आणि हात थेट तिकडेच जातात. पण कोणी वाट्यांच्या जागा बदलल्या, की मोहरी करपायची वेळ येते. डोळे तेच, उजेड तोच, मग अडते कुठे? हे समजायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

नजर वेगळी, लक्ष वेगळे

डोळ्याचा पडदा तपासायचे उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, १८५१ मध्ये जगापुढे आणणारे जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ हे शिक्षणाने डॉक्टर. त्यांनी अंधाऱ्या पेटीत अक्षरे मांडली, नजर एका बारीक ठिपक्यावर रोखली आणि विजेच्या ठिणगीने क्षणभर उजेड पाडला. नजर न हलवता, मनाने आधी ठरवलेल्या भागातलीच अक्षरे त्यांना ओळखता आली. म्हणजे डोळा एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे असू शकते.

पुढे मॉस्कोत आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळ्यावर बसणारी छोटी टोपी वापरून नजरेचा मार्ग नोंदवला. रेपिन या चित्रकाराचे एकच चित्र, पण प्रश्न वेगवेगळे. माणसांची वये विचारली की नजर चेहऱ्यांवर फिरे, कपड्यांबद्दल विचारले की कपड्यांवर. त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये रशियनमध्ये प्रसिद्ध झाले. काय शोधायचे आहे, त्यावर नजरेची वाट ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले.

नकळत झालेला अभ्यास

१९९८ मध्ये अमेरिकेत मार्विन चुन आणि युहाँग जियांग यांनी एक साधा खेळ रचला. पडद्यावर इंग्रजी ‘एल’ अक्षरांच्या गर्दीत एक ‘टी’ शोधायचा. काही मांडण्या गुपचूप पुन्हा पुन्हा येत. त्या मांडण्यांत लोकांना ‘टी’ लवकर सापडू लागला. पण ‘यातली कोणती मांडणी आधी पाहिली होती?’ असे विचारल्यावर त्यांना सांगता येईना! मेंदू शिकला होता, मालकाला पत्ताच नव्हता.

१९९९ मध्ये स्मरणशक्ती गमावलेल्या रुग्णांवर हाच प्रयोग झाला. सरावाने त्यांचा वेग वाढला, पण ओळखीच्या मांडणीचा वेगळा फायदा मिळाला नाही. २००१ मधील अभ्यासात, इजा फक्त हिप्पोकॅम्पसपुरती असलेल्यांना मात्र तो मिळाला. म्हणजे या शिकण्यात हिप्पोकॅम्पसच्या आसपासच्या भागाचाही वाटा असावा.

डॉक्टरांची नजरही यातलीच

‘डॉक्टरांनी एक्स-रे नीट पाहिलाच नाही, दोन सेकंदांत परत दिला,’ अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. १९७५ च्या एका अभ्यासात छातीचे एक्स-रे रेडिओलॉजिस्टना केवळ ०.२ सेकंद दाखवले. तरी त्यांनी सुमारे ७० टक्के दोष ओळखले. हजारो फिल्म पाहून घडलेली ही नजर. मात्र हवा तेवढा वेळ दिल्यावर हेच प्रमाण ९७ टक्के झाले. घाई परवडत नाही, ती म्हणूनच.

या सवयीला दुसरी बाजूही आहे. २००५ मध्ये जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर ७ टक्के वेळा चुकते, पण शंभरात एकदाच असेल तर तब्बल ३० टक्के वेळा. २०१३ मध्ये फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये मुद्दाम गोरिलाचे चित्र टाकले. गाठी शोधणाऱ्या २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टना ते दिसलेच नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. मेंदू जे अपेक्षित धरतो, तिकडेच लक्ष पाठवतो.

आपण काय करावे?

- तपासणीला जाताना त्रास नेमका काय आणि कुठे आहे, ते सांगा. जुने एक्स-रे आणि रिपोर्ट सोबत न्या. काय शोधायचे ते कळले, की नजर योग्य जागी जाते.
- घरात विसरभोळेपणा वाढलेले आजी-आजोबा असतील, तर चष्मा, काठी, पाण्याचा तांब्या यांच्या जागा वारंवार बदलू नका.
- गोळीची पट्टी नेहमीच्या जागी आहे, रंगही तोच आहे, म्हणून गोळी घेऊ नका. दर वेळी नाव वाचा. सवयीची नजर वेगवान असते, पण जागा बदललेली तिला लगेच कळत नाही.