जिवंत पेशीतला हिरवा दिवा

पेशीत एखादं जनुक कधी कामाला लागतं हे सूक्ष्मदर्शकातून बघायचं, तर पूर्वी बहुतेकदा ती पेशी मारून, रंगवूनच बघावी लागे.

१९६२ साली ओसामू शिमोमुरा यांना एका जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. पुढे डग्लस प्रॅशर यांना सुचलं, की या प्रथिनाचं जनुक हव्या त्या जनुकाला जोडलं, तर ते कामाला लागताच पेशी आपणहून हिरवी दिसेल. १९९२मध्ये त्यांनी ते जनुक वेगळं केलं. पण निधी संपला. मग त्यांनी ते मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकलं.

१९९४मध्ये चाल्फींनी मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीतल्या जिवंत चेतापेशी हिरव्या उजळवून दाखवल्या. त्सिएन यांनी नवे रंग घडवले. २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि शिमोमुरांना मिळालं. तेव्हा प्रॅशर अलाबामात एका कार डीलरकडे ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी स्वखर्चाने त्यांना स्टॉकहोमच्या सोहळ्याला नेलं.

नोबेल एका वेळी तिघांपलीकडे जात नाही. पेशीचा असा हिरवा फोटो स्क्रीनवर दिसला, तर यादीत नसलेलं हे चौथं नावही आठवावं.