फ्रॅमिंगहॅमच्या बायका

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी काही लिहून मागितले तेव्हा मी एखादी पाककृती देणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने तिच्या पुस्तकातली एक हकिकत वाचून दाखविली, ती सांगितल्यावाचून राहवेना.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. वय अवघे 63. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300 वर 190 होता! कित्येक वर्षे तो चढतच होता. पण वय झाले की दाब वाढायचाच, अशी तेव्हा पुष्कळ डॉक्टरांची समजूत. देशाच्या अध्यक्षाची ही कथा, मग आपल्यासारख्यांची काय!

पुढे 1948 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम गावी सरकारने एक मोठे काम आरंभिले. 30 ते 62 वर्षांची 5,209 माणसे घेतली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलावून दाब, रक्त, हृदयाचा आलेख पाहायचा, सिगारेटी किती ओढता ते विचारायचे, आणि कोणाचे हृदय बिघडते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवायची. केवढी चिकाटी! त्यातून वाढलेला दाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही कारणे हळूहळू उघडी पडली. 1961 साली त्यांना ‘धोक्याचे घटक’ हे नाव मिळाले.

मला खरे नवल वाटले ते निराळेच. त्या माणसांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. तरी हृदयविकार पुरुषांचा, ही समजूत सुटेना. 1964 साली ऑरेगन राज्यात बायकांसाठी या विकारावर परिषद भरली. विषय काय, तर नवऱ्याचे हृदय कसे सांभाळावे! पाळी गेल्यावर बाईचा धोका वाढतो, हे फ्रॅमिंगहॅमच्या बायकांच्या नोंदींवरून 1976 साली छापून आले. मधुमेह बाईच्या हृदयाला पुरुषापेक्षाही अधिक बाधतो, हे 1979 साली.

परिषदेचे ऐकून मी हसले, आणि लगेच गप्प झाले. यांना दाब निघाल्यापासून यांच्या ताटातले लोणचे-पापड मी बंद केले होते. माझ्या ताटातले तसेच. वर रोजची मशेरी. विडी ओढत नाही ना, मग ती तंबाखू कसली, असा माझा हिशेब! दर महिन्याला यांच्याबरोबर दवाखान्यात जायची, बाकावर पिशवी सांभाळीत बसायची. माझा दंड ना मी पुढे केला, ना कोणी मागितला.

मुलीने हट्टाने मोजला. 168 वर 102. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, काही म्हणजे काही नव्हते. डॉक्टरांनी पुन्हा दोनदा मोजून गोळी सुरू केली. परवा 138 वर 86 भरला. मशेरीची डबी मुलीने उचलून नेली. सकाळी चूल पेटवून झाली की हात अजून त्या फळीकडे जातो.