पाठभेद, शाखा आणि संगम

ज्ञानेश्वरी शके १२१२मधली. नकलांवर नकला होत पुढच्या तीनशे वर्षांत तिचे पाठ फुटत गेले. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. ग्रंथ वाचला, पण कोणता पाठ का सोडला, याची नोंद मागे राहिली नाही. म्हणूनच वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व मानून वेगळी प्रत छापली, तेव्हा निवाडा करायला साधन अपुरे पडले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५पासून वि. स. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. १९६६मध्ये पूर्ण झालेल्या या संहितेत वगळलेले पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले आहेत. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर वाचक दुसरा पाठ उचलू शकतो.

हाच पेच मुक्त सॉफ्टवेअरपुढे आहे. लिनक्ससाठी लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५मध्ये ‘गिट’ रचले. त्यात प्रत्येक जण आपल्या शाखेवर काम करतो. शाखा एकत्र आणण्याच्या दोन रीती आहेत. ‘मर्ज’मध्ये दोन प्रवाहांचा संगम होतो आणि संगमाच्या नोंदीत दोन्ही पूर्वज राहतात. ‘रीबेस’मध्ये आपल्या नोंदी उचलून नव्या पायावर पुन्हा रचतात. इतिहास सरळ दिसतो, पण नोंदीची ओळख तिच्या पूर्वजावरूनही ठरत असल्याने प्रत्येक नोंद नवी होते. जुन्या नोंदींवर कोणी काम उभारले असेल, तर त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

म्हणून संकेत असा : शाखा आपल्यापाशी आहे तोवर हवी तशी रचा, दुसऱ्याने तिच्यावर काम सुरू केले की हात आवरा. स्टीफन रॉथवेल यांनी २००८मध्ये सुरू केलेली ‘लिनक्स-नेक्स्ट’ ही शाखा मात्र वारंवार मोडून नव्याने जुळवली जाते. कोणाचे काम कोणाशी अडते, हे आधी कळावे म्हणून मांडलेला तो कच्चा खर्डा आहे. त्यावर इमारत उभारायची नाही, हे सर्वांना ठाऊक असते. टॉरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेचा इतिहास मात्र असा पुसून लिहिला जात नाही.

खर्डा कितीही वेळा खोडावा. पण जे लोकांच्या हाती गेले, त्यातली दुरुस्ती उघड नोंदवूनच करावी. नाहीतर पुढच्या पिढीला संपादकाशी मतभेद करण्याचा हक्कच उरत नाही.