रस्ता सर्वांचा: सायकलस्वार, वाहनचालक आणि पादचारी यांची सुरक्षितता

बुधवारची संध्याकाळ. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार भरलेला आहे. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या आजी रस्ता ओलांडत आहेत. ट्यूशनहून परतणारा मुलगा सायकलवर कडेकडेने निघाला आहे. मागून एक कार सतत हॉर्न वाजवते आहे आणि समोरून एक दुचाकी राँग साइडने येते आहे. कुणीतरी ओरडतं, "दिसत नाही का?" असा प्रसंग तुम्ही पाहिला असेल. कदाचित ओरडणारे तुम्हीच असाल.

अशा वेळी प्रत्येकाला वाटतं की समोरचा मुद्दाम करतो आहे. चालकाला सायकलवाला मधे येतो असं वाटतं, सायकलवाल्याला चालक अंगावर येतो असं वाटतं आणि पायी चालणाऱ्याला दोघांचाही राग येतो. बेशिस्त असतेच, ती नाकारण्याचं कारण नाही. पण पुष्कळदा मुद्दा शिस्तीचा नसतो. समोरच्याचं शरीर तुमच्या अपेक्षेइतकं वेगाने चालू शकत नाही, पाहू शकत नाही किंवा थांबू शकत नाही. या मर्यादा समजल्या तर राग कमी होतो आणि अपघातही टळतात. या लेखात त्या मर्यादा, होणाऱ्या इजा आणि अपघातानंतर काय करावे हे पाहू.

प्रश्न किती मोठा आहे?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यात सुमारे 44 टक्के दुचाकीस्वार आणि सुमारे 19 टक्के पादचारी होते. म्हणजे मरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या भोवती लोखंडाचा पत्रा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात 5 ते 29 वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे.

सक्करदऱ्याला हे आकडे वाचून समजून घ्यायची गरज नाही. सप्टेंबर 2022 मध्ये इथल्या उड्डाणपुलावर एका भरधाव कारने दुचाकींना धडक दिली आणि एकाच कुटुंबातील चौघे पुलावरून खाली पडून गेले. त्या पुलावरून आजही आपण रोज जातो.

दुसरे नुकसान मोजले जात नाही. रस्त्याच्या भीतीने अनेक ज्येष्ठ नागरिक पायी फिरणे सोडतात आणि आईवडील मुलांना सायकल देत नाहीत. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा असा सल्ला आहे. चालणे आणि सायकल हे त्याचे सर्वांत स्वस्त मार्ग आहेत. ते बंद झाले की मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी वाढते. म्हणून रस्ता सुरक्षित असणे हा आरोग्याचाच विषय आहे.

प्रत्येकाच्या शरीराची मर्यादा

*ज्येष्ठ पादचारी:* रस्ता ओलांडण्याच्या वेळेचा हिशेब करताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असे धरतात. पण सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीचा वेग 0.8 मीटर किंवा त्याहून कमी असू शकतो. 15 मीटर रुंद रस्ता तरुण माणूस 12 ते 13 सेकंदांत ओलांडतो, आजींना 19 सेकंद लागतात. सिग्नल सुटतो तेव्हा त्या अजून रस्त्यातच असतात. त्यातच मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, ऐकू कमी येत असेल तर हॉर्न कुठून आला ते कळत नाही. घाबरल्यावर त्या जागीच थांबतात किंवा मागे फिरतात. हा हट्ट नाही.

*लहान मुले:* येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज घेण्याची क्षमता लहान वयात पूर्ण विकसित झालेली नसते. शिवाय उभ्या कारच्या मागे असलेले मूल चालकाला दिसतच नाही. साधारण दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठा रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नये.

*सायकलस्वार:* सायकल सरळ रेषेत चालत नाही. तोल सांभाळताना ती थोडी डावी-उजवीकडे हलतेच. वेग कमी असताना, म्हणजे सिग्नलवरून निघताना किंवा चढावर, हे डुलणे वाढते. खड्डा, गटाराची जाळी किंवा उघडणारा कारचा दरवाजा चुकवायला तिला बाजूची जागा लागते. म्हणून सायकलस्वार अगदी कडेला चिकटून चालत नाही, आणि त्याने तसे चालूही नये.

*वाहनचालक:* धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो. फोन हातात असेल, दारू प्यायलेली असेल किंवा झोप अपुरी असेल तर आणखी जास्त. कारच्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या खांबाआड एक माणूस किंवा सायकल सहज लपते. रात्री समोरच्या प्रखर दिव्यानंतर काही सेकंद अंधारातले नीट दिसत नाही. चालकाने पाहिले असेलच असे पादचाऱ्याने किंवा सायकलस्वाराने कधीही गृहीत धरू नये.

वेग का महत्त्वाचा?

या सर्व मर्यादा सांभाळून घेणारी एकच गोष्ट आहे: कमी वेग. एक साधा हिशेब पाहा. समोर 20 मीटरवर कुणी अचानक रस्त्यात आले असे समजू.

- ताशी 30 किलोमीटर वेग असेल तर कोरड्या रस्त्यावर, चांगले ब्रेक असताना गाडी साधारण 18 मीटरमध्ये थांबते. धडक टळते.
- ताशी 50 किलोमीटर वेग असेल तर दीड सेकंदातच गाडी जवळपास 21 मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ब्रेक दाबण्याआधीच धडक बसते, तीही पूर्ण वेगाने.

वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ही ऊर्जा शेवटी हाड, मेंदू आणि पोटातील अवयव यांनाच सोसावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. चूक कोणाचीही असो, शरीराला मार लागतो तो वेगाप्रमाणे. म्हणून ज्याच्याकडे वजन आणि वेग जास्त, त्याची जबाबदारीही जास्त. ट्रकवाल्याने कारची, कारवाल्याने दुचाकीची, दुचाकीवाल्याने सायकलची आणि सायकलवाल्याने पायी माणसाची काळजी घ्यायची.

राग आल्यावर शरीरात काय होते?

कुणी कट मारून गेला की शरीरात अॅड्रेनालिन वाढते. छातीत धडधडते, रक्तदाब चढतो, हात थरथरतात. लक्ष फक्त त्या एका गाडीवर खिळते आणि बाजूची सायकल दिसेनाशी होते. पाठलाग करणारा चालक म्हणूनच जास्त धोकादायक असतो. हृदयविकार असलेल्यांना अशा वेळी छातीत दुखूही शकते.

काय कराल? गाडी कडेला घ्या. श्वास सावकाश सोडा, पाच-सहा वेळा. धडधड थांबेपर्यंत पुढे निघू नका. भांडण मिटवण्यासाठी खाली उतरू नका. गाडीचा नंबर टिपून 112 वर कळवता येते.

कोणत्या इजा होतात?

- *पादचारी:* कारचा बंपर आधी गुडघ्याखाली लागतो, मग माणूस बॉनेटवर फेकला जातो आणि डोके काचेवर किंवा रस्त्यावर आपटते. म्हणून पायाचे हाड मोडलेले दिसले तरी डोक्याची तपासणी हवीच. लहान मुलांना तोच बंपर छातीवर, पोटावर किंवा डोक्यावर लागतो.
- *ज्येष्ठ:* साध्या धक्क्यानेही खुब्याचे हाड मोडते. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, उभे राहता येत नाही.
- *सायकलस्वार:* हातावर पडल्याने मनगट आणि गळपट्टीचे हाड मोडते. अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिले तर पहिला एक्स-रे चांगला असला तरी पुन्हा दाखवा. तिथले लहान हाड मोडल्याचे कधी कधी सुरुवातीला दिसत नाही.
- *हँडलचा मार:* मूल पडताना सायकलच्या हँडलचे टोक पोटात घुसते. बाहेर फक्त गोल वळ दिसतो. आत मात्र प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. पोटदुखी, उलटी, डाव्या खांद्यात दुखणे, चेहरा पांढरा पडणे यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब रुग्णालयात न्या. मुलाने सायकलवरून पडल्याचे लपवले असेल तर त्याला न रागावता विचारा.

अपघात झाल्यास पहिली मदत

1. आधी स्वतःची सुरक्षितता पाहा. मागची वाहने थांबवायला कुणाला तरी उभे करा.
2. 108 वर रुग्णवाहिका बोलवा. ठिकाण सांगताना चौकाचे नाव, पुलावर की पुलाखाली, आणि जवळची खूण सांगा.
3. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड, दुपट्टा किंवा रुमाल जखमेवर घट्ट दाबून धरा. दहा मिनिटे उचलून पाहू नका.
4. मान हलवू नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका.
5. माणूस बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्या.
6. पाणी पाजू नका. गर्दीत कुणीतरी बाटली पुढे करतेच, पण अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि पुढे भूल देणेही अवघड होते.
7. जखमीला ऑटोत दुमडून बसवू नका. रुग्णवाहिका येणार असेल आणि जागा सुरक्षित असेल तर वाट पाहा.

मदत करताना पोलिसांची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजनाही आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. गंभीर जखमींसाठी सक्करदऱ्याहून मेडिकल जवळ आहे.

डोक्याला मार लागल्यास रुग्णालयात कधी जावे?

खालीलपैकी एकही लक्षण असेल तर थांबू नका:

- थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपणे किंवा अपघात न आठवणे
- पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी, बडबड, विचित्र वागणे, झटके
- कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव
- हातपाय लुळे पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे

काही जण अपघातानंतर ठीक बोलतात आणि काही तासांनी गुंगीत जातात. म्हणून पहिले 24 तास रुग्णाला एकटे सोडू नका. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी लक्षणे नसली तरी तपासून घ्यावे. ज्येष्ठांमध्ये मेंदूभोवती हळूहळू रक्त साचून दोन-तीन आठवड्यांनी विसराळूपणा किंवा तोल जाणे सुरू होऊ शकते. "वय झालं" असे म्हणून ते सोडून देऊ नका. या काळात दारू घेऊ नये आणि अॅस्पिरिन मनाने घेऊ नये.

रोजच्या सवयी

*चालकांसाठी:* बाजार, शाळा आणि रुग्णालयाजवळ वेग 30 च्या आत ठेवा. सायकलला ओलांडताना किमान एक मीटर अंतर सोडा. जागा नसेल तर मागेच थांबा. सायकलच्या अगदी मागे हॉर्न वाजवू नका, दचकून तोल जातो. झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्या, हा नियमच आहे. कारचे दार उघडण्याआधी मागे वळून पाहा.

*सायकलस्वारांसाठी:* राँग साइडने जाऊ नका. रात्री मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर, पुढे पांढरा दिवा आणि अंगावर फिकट कपडे हवेत. वळण्याआधी हात दाखवा. कानात इयरफोन नको. सायकलस्वारांना हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही, तरी वापरा. नागपूरच्या उन्हात डोक्याला बांधलेला दुपट्टा उन्हापासून वाचवतो, डांबरापासून नाही.

*पादचाऱ्यांसाठी:* उभ्या बस किंवा कारच्या पुढून एकदम रस्त्यात येऊ नका. पदपथ नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चाला. ज्येष्ठांसोबत असाल तर त्यांच्या वेगाने चाला, हात धरून ओढू नका.

पदपथावर दुकान मांडलेले असेल किंवा गाड्या उभ्या असतील तर पायी माणूस रस्त्यावर उतरणारच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. म्हणून पदपथ मोकळा करण्याची मागणी महापालिकेकडे लेखी करा. आणि आपली गाडी आज त्याच पदपथावर उभी नाही ना, तेही पाहा.