पाटीआधीचं ताट

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने शाळकरी मुलांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू केली. महाराष्ट्रात पहिली काही वर्षं ती कोरड्या तांदळाची योजना होती. मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ, अट ८० टक्के हजेरीची. पण तांदूळ घरी गेला की तो सगळ्या घराच्या पातेल्यात शिजतो. मुलाच्या वाट्याला त्यातला किती येणार? शिजवलेलं अन्न शाळेतच द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २८ नोव्हेंबर २००१ रोजी सांगावं लागलं. मग खिचडी आली.

हजेरीपट आणि घास यांची सांगड आपल्याकडे जुनीच आहे. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी मुलांसाठी दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली डांग सेवा मंडळ काढलं. राज्य सरकारची आश्रमशाळांची योजना १९७२-७३मधली, म्हणजे ऐन दुष्काळातली. त्याच दुष्काळात वाटलेली सुकडी आज साठीच्या आसपास असलेल्या पिढीला चवीसकट आठवते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या कोकणा, वारली, महादेव कोळी घरांसाठी आश्रमशाळा म्हणजे अक्षरओळख होतीच, पण दोन वेळचं जेवणही होतं. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती : मूल सहा वर्षांचं होऊन शाळेच्या दारात येईल, तिथून पुढे आपण बघू.

तोवर काय झालेलं असतं, यावर पुण्यातून मोठा वाद उभा राहिला होता. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं असं, की शरीर कमीजास्त अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेतं. सरासरी उष्मांकांवरून भुकेल्यांची संख्या काढली तर ती फुगते. अन्नाइतकंच स्वच्छ पाण्याकडे बघा, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. पण त्याच विचाराच्या आधारे डेव्हिड सेक्लर यांनी पुढे ‘लहानखुरं, पण निरोगी’ अशी कल्पना मांडली. वि. म. दांडेकर सुखात्म्यांशी भांडले. आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनी बजावलं, की खुंटलेली उंची हे जुळवून घेणं नव्हे, ती मोजलेली किंमत आहे.

ही किंमत अभ्यासातही मोजावी लागते, याचा पुरावा दूरच्या ग्वाटेमालातून आला. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत लहान मुलांना पूरक आहार दिला गेला : दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पेज, दोन खेड्यांत नुसतं गोड सरबत. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पेज मिळालेले लोक वाचून समजून घेण्यात सरस ठरले. पेज उशिरा मिळालेल्यांत हा फरक दिसला नाही.

कारण समजायला अवघड नाही. मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. अर्धपोटी मूल वारंवार आजारी पडतं, कमी रांगतं, कमी धडपडतं. वयापेक्षा लहान दिसतं, म्हणून मोठी माणसं त्याच्याशी बोलतातही त्याहून लहान मुलाशी बोलावं तशी. पहिलीत त्याला अक्षर लागत नाही आणि वर्ग त्याला ‘ढ’ ठरवून मोकळा होतो. पाटी हातात येण्याआधीच्या ताटाचा हिशेब असा त्या मुलाच्याच नावावर टाकला जातो.

म्हणून शाळेतली खिचडी वाया जाते असं मुळीच नाही. भारतातल्याच एका अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत शाळेत जेवलेल्या मुलांचे वाचनाचे गुण वर्षभराहून कमी काळ जेवलेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त आढळले. खिचडी हवीच; पण तिची गाठ मुलाशी उशिरा पडते.

महाराष्ट्राला हे कळलं नाही असंही नाही. २००५ साली सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने गर्भारपण आणि पहिल्या दोन वर्षांवर भर दिला. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुंटलेपण २००५-०६मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२मध्ये २३ टक्क्यांवर आलं. २०१५च्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण मिळू लागलं, पुढे मुलांना अंडीही. पण पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा २०१५-१६मध्ये ३४.४ टक्के होता आणि २०१९-२१मध्ये ३५.२. म्हणजे तीनातलं एक मूल.

त्यात नाशिकची स्वतःची एक अडचण आहे. डोंगरातली नागली-वरई निघाली, की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. कडेवरचं मूल त्यांच्याबरोबर जातं. त्याचं नाव मात्र गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात राहतं, आणि अंडंही तिथेच. आश्रमशाळेतल्या थोरल्या भावंडाचं ताट निदान जागच्या जागी असतं. ज्याच्या मेंदूला घास सर्वांत जास्त हवा, ते धाकटं बागेच्या बांधावर असतं. त्याचं ताट त्याच्यामागून बागेपर्यंत जाईल, तेव्हा काही वर्षांनी पहिलीच्या वर्गात एक ‘ढ’ कमी होईल.